‘का’ऐवजी ‘कसे’ वाचावे

मंत्री बोलतात ते आणि मंत्री बोलले म्हणून छापलं जातं ते, या दोन्हींच्या मधल्या जागेत गेली एकतीस वर्षं मी बसते. विधिमंडळाच्या तळघरातली चौथी खोली, कार्यवृत्त शाखा. वर सभागृहात लघुलेखक दर दहा मिनिटांनी बदलतात, खाली येऊन आपापला भाग टाइप करतात आणि तो कागद माझ्या टेबलावर येतो. बोलीचं लेखी करायचं, हे माझं काम. ‘तसं नाय हो’ असलं की ‘तसे नाही’, ‘बघतो’ असलं की ‘पाहतो’. वाक्य अर्ध्यात सोडलं असेल तर त्याला क्रियापद द्यायचं, एकच गोष्ट तीनदा सांगितली असेल तर एकदा ठेवायची. अर्थाला मात्र हात लावायचा नाही. किती मंत्री आले नि गेले, त्यांच्या वाक्यांची नाकं मी पुसली, पण कुणाच्या म्हणण्याचा अर्थ बदलला नाही, याचा मला गर्व होता. गर्वच म्हणते मी, अभिमान वगैरे नाही.

माझी धाकटी बहीण इथून बरीच लांब, एका लहान शहरात राहते. कपडे शिवते, म्हणजे शिवायची. तीन वर्षांपूर्वी तिची मूत्रपिंडं निकामी झाली, तेव्हापासून आठवड्यातून तीनदा डायलिसिस. तिच्या घरापासून चालत दहा मिनिटांवर सरकारी रुग्णालय आहे. त्यात नवं कोरं डायलिसिस केंद्र आहे, आठ यंत्रं आहेत, आठ आरामखुर्च्या आहेत, भिंतीवर उद्घाटनाची पाटी आहे. दोन वर्षं झाली तरी खुर्च्यांवरचं प्लास्टिक निघालेलं नाही. कारण डायलिसिसला लागतं अतिशय शुद्ध केलेलं पाणी, आणि ते पाणी तयार करणारी यंत्रणाच कुणी घेतली नाही. सगळी खरेदी झाली, नेमकं पाणी राहिलं. नवरदेव मांडवात आणि नवरी ठरायचीच आहे, असला प्रकार.

म्हणून सहा जणांची एक व्हॅन निघते. जायला तीन तास, यंत्रावर चार तास, यायला तीन. येताना कुणी ना कुणी ओकतं. धाकटी मला फोनवर म्हणायची, “ताई, मी नोकरीला लागले ना! आठवड्याचे तीन दिवस, दहा तास ड्यूटी, जाणंयेणं फुकट.” मी तिला इथे राजधानीत आणायची खटपट केली होती. इथल्या मोठ्या रुग्णालयात प्रतीक्षायादी आहे, तिचा क्रमांक तीनशे बारा होता. वर्षभराने विचारलं तर तीनशे नऊ.

तिच्या भागातले सदस्य पूर्वी शाळेत शिकवायचे, त्यांना सगळे मास्तरच म्हणतात. त्यांनी या अधिवेशनात आरोग्यमंत्र्यांना या केंद्राबद्दल प्रश्न टाकला. कामकाजाच्या यादीत तो दिसला तेव्हा मी ती ओळ दोनदा वाचली. आरोग्यमंत्र्यांना आम्ही तळघरात ‘बघतोसाहेब’ म्हणतो. रस्ता फुटलाय? बघतो. औषधं संपलीत? बघतो. आपल्या भाषेत ‘बघतो’ म्हणजे ‘विसरा’, हे शेंबडं पोरही जाणतं. तरी प्रश्न आला होता, मंत्र्याला उभं राहून उत्तर द्यावं लागणार होतं. ते पान दुसऱ्या कुणाच्या हातात जाऊ नये, कुणी त्याची वाट लावू नये, म्हणून शाखाप्रमुखांना सांगून मी ते मुद्दाम माझ्याकडे मागून घेतलं.

पान दुपारी आलं. मास्तरांचं बोलणं मला पाठ आहे. जिथे आपण ‘का’ म्हणतो तिथे ते ‘कसं’ म्हणतात. ‘तू काल कसा आला नाहीस?’ म्हणजे ‘का आला नाहीस?’ त्यांच्या प्रत्येक भाषणात मी हे दुरुस्त करते. त्या दिवशीही त्यांनी विचारलं होतं, ‘यंत्रांवर खर्च केला, इमारतीवर केला, मग हे केंद्र कसे सुरू होत नाही?’ मी लाल पेनाने ‘कसे’ खोडून ‘का’ केलं. तेवढ्यात फोन वाजला. मेहुणे होते. व्हॅन निम्म्या रस्त्यात बंद पडली होती, दोन तास झाले होते, धाकटीला श्वास लागला होता आणि दुसरी गाडी कुठून मिळेल हे त्यांना समजत नव्हतं. “ताई, काय करू सांगा,” असं ते पुन्हा पुन्हा म्हणत होते. मी खांद्यावर फोन धरून त्या रुग्णालयाचा नंबर शोधत होते, त्यांना धीर देत होते आणि हात त्याच्या सवयीने पानावरून चालला होता. आणखी चार ओळींखाली पुन्हा तेच दिसलं, ‘हे केंद्र कसे सुरू होत नाही ते’. खोडलं, ‘का’ केलं. खाली सही केली. पान छपाईला गेलं आणि मी रुग्णवाहिकेसाठी फोन करत बसले.

संध्याकाळी धाकटी कशीबशी यंत्रावर पोहोचली. मी घरी येऊन टीव्ही लावला तर बातम्यांत बघतोसाहेब. मास्तरांनी त्यांना इतकं घेरलं होतं की बाकांवरून हशा उसळत होता. साहेबांचा चेहरा लाल झालेला. टेबलावर हात आपटून ते म्हणाले, “आजपासून तीस दिवसांत हे केंद्र कसं सुरू होत नाही ते मी बघतो!”

हे नेहमीचं ‘बघतो’ नव्हतं. आई पोराला म्हणते ना, ‘कसा जेवत नाहीस ते बघते’, त्यातलं हे. मी घरात एकटी असून टाळी वाजवली. ते चार ओळींखालचं वाक्य कुणाचं होतं, हे तेव्हाही माझ्या डोक्यात आलं नाही.

धाकटीनेही बातमी पाहिली होती. दुसऱ्या दिवशी तिचा फोन आला. आवाज खोल गेलेला, पण चेष्टा शाबूत. “तुझ्या बघतोसाहेबांनी तर कमाल केली.”

“सभागृहात दिलेला शब्द आहे,” मी म्हटलं. “तो मोडता येत नाही. त्याच्यासाठी वेगळी समिती असते. पाळला का, कधी पाळला, सगळं विचारते.”

तिची चेष्टा थांबली. मग म्हणाली, “ताई, कालच्या रस्त्यावर मी ठरवलं होतं, आता बास. मरायचं तर घरात मरेन, त्या गाडीत नाही. यांनाही सांगितलं. आता तीस दिवस म्हणतायत तर तीस दिवस जाते. तुझ्या भरवशावर. एकतिसाव्या दिवशी मी त्या गाडीत बसणार नाही. रागवू नकोस.”

मी रागावले, रडले, शिव्या दिल्या. तिने सगळं ऐकून घेतलं आणि फोन ठेवला. लहानपणापासून तशीच. हो म्हणायची नाही आणि भांडायचीही नाही.

चोविसाव्या दिवशी आश्वासन समितीचे कारकून आमच्या खोलीत आले. छापील कार्यवृत्तातून मंत्र्यांची आश्वासनं वेचून काढायची आणि त्या त्या खात्याकडे पाठवायची, हे त्यांचं काम. माणूस सज्जन, पण छापलेल्या अक्षरापलीकडे त्यांना जग नाही. “तुमच्या बहिणीच्या गावच्या केंद्राचं उत्तर आलंय,” ते म्हणाले. “झालं पूर्ण. म्हटलं सांगावं.”

मी कागद ओढूनच घेतला. आरोग्य खात्याचं पत्र, तीन ओळींचं. ‘हे केंद्र का सुरू होत नाही ते मी पाहतो, असे आश्वासन मा. मंत्र्यांनी दिले होते. त्यानुसार पाहणी करण्यात आली. पाणी शुद्धीकरण यंत्रणा नसल्यामुळे केंद्र सुरू होत नाही, असे आढळून आले. सबब आश्वासनाची पूर्तता झाली आहे.’

“‘का’ नाही!” मी ओरडले. “‘कसं’ म्हणाले होते ते. सगळ्या जगाने ऐकलंय.”

“बातम्यांत काय ऐकलं ते बाहेर,” कारकून म्हणाले. “इथे छापलं ते खरं.” आणि त्यांनी मला छापील पान दाखवलं. मग मी मूळ पान काढलं. लाल पेनाचा ‘का’. त्याच्या कान्याला माझं नेहमीचं लांबलचक शेपूट. खाली माझी सही.

दोन्ही पानं घेऊन मी शाखाप्रमुखांकडे गेले. एका अक्षराने मी शपथेची नुसती चौकशी करून टाकली होती. कुठल्या शत्रूने नाही, मंत्र्याच्या माणसांनी नाही, मी. त्यांनी फक्त माझी चूक उचलून खिशात घातली होती, आणि ती त्यांनी का घालू नये?

शाखाप्रमुखांना आम्ही मागे ‘अनुस्वार’ म्हणतो, कारण त्यांना कागदावर फक्त तेवढाच दिसतो. त्या दिवशी मात्र त्यांनी मला पाणी दिलं आणि दार लावून घेतलं. “शुद्धिपत्र निघू शकतं,” ते म्हणाले. “ध्वनिमुद्रण अजून आहे, साठ दिवस ठेवतात. पण चूक कुणाची ते अर्जात लिहावं लागतं. आणि हे साधं शुद्धलेखन नाही हो. मंत्र्याच्या वक्तव्याचा अर्थ बदललाय. चौकशी लागेल. तुमच्या निवृत्तीला आठ महिने राहिलेत. गप्प बसा असं मी म्हणत नाही, पण विचार करा.”

“सहा दिवस राहिलेत,” मी म्हटलं.

“आठ महिने.”

“तुमच्या हिशेबाने आठ महिने, साहेब. माझ्या बहिणीचे सहा दिवस राहिलेत.”

मी अर्ज तिथेच लिहिला. ‘पृष्ठ क्रमांक अमुक, ओळ बारा, ‘का’ऐवजी ‘कसे’ वाचावे. ही चूक माझी आहे.’ एकतीस वर्षांत मी दुसऱ्यांच्या किती चुका दाखवल्या असतील, पण हे शेवटचं वाक्य लिहायची माझ्यावर वेळ आली नव्हती.

समितीची बैठक अठ्ठाविसाव्या दिवशी होती. एरवी मंत्री अशा बैठकीला खात्याच्या सचिवांना पाठवतात. पण मास्तरांनी बाहेर ओरडून वर्तमानपत्रं हलवली होती, म्हणून बघतोसाहेब जातीने आले. लांब टेबल, मधोमध पाण्याच्या बाटल्या, एका टोकाला समितीचे वयस्कर अध्यक्ष. त्यांच्यासमोर त्या दिवसाचे अकरा विषय होते आणि आमचा नववा. सचिव फायली चाळत होते. मास्तर समितीवर नाहीत, ते बाहेर बाकड्यावर बसून होते. मला साक्षीदार म्हणून एका कोपऱ्यात खुर्ची दिली होती. साक्षीदाराने विचारलं तेवढंच बोलायचं असतं.

ध्वनिमुद्रण लावलं. हात आपटल्याचा आवाज आला, मग ते वाक्य, मग बाकं वाजली. अध्यक्षांनी मंत्र्यांकडे पाहिलं.

“आवाज माझाच,” बघतोसाहेब हसून म्हणाले. “शुद्धिपत्राला माझी हरकत नाही. बोललो ते बोललो.”

मला वाटलं, जिंकलो. खरंच वाटलं. एवढी वर्षं या इमारतीत काढूनही माणूस किती खुळा राहू शकतो!

“फक्त एवढंच,” साहेब पुढे म्हणाले, “की यंत्रणेची निविदा काढावी लागेल, तंत्रज्ञ नेमावे लागतील. माझी तळमळ खरी आहे, पण मुदतवाढ हवी. एक वर्ष.”

“तीस दिवस म्हणाला होता तुम्ही,” अध्यक्ष म्हणाले.

“भावनेच्या भरात.”

अध्यक्षांनी चष्मा काढून डोळे चोळले. मुदतवाढ ते नेहमी देतात, पण या वेळी वर्तमानपत्रं होती. त्यांनी पेन घेतलं, ठेवलं. मग माझ्याकडे वळून ठरलेला शेवटचा प्रश्न विचारला, “आपल्याला आणखी काही सांगायचं आहे?” या प्रश्नाला सगळे साक्षीदार ‘नाही’ म्हणतात. मी हजार पानांवर ते ‘नाही’ तपासलं आहे.

“हो,” मी म्हटलं आणि उभी राहिले. “माझी धाकटी बहीण त्या गाडीतून जाते. तिने सांगितलंय, परवानंतर ती जाणार नाही. गेली नाही तर दहा-बारा दिवसांत ती मरेल. वर्ष नाहीये साहेब तिच्याकडे. तुम्ही म्हणालात तीस दिवस, मी तिला सांगितलं तीस दिवस, म्हणून ती आजवर गेली.” पुढे मी काय बोलले ते मला आठवत नाही. अध्यक्ष खाली बघत होते. सचिवांनी फाईल मिटली.

बघतोसाहेबांचा चेहरा उतरला होता. माणूस दुष्ट नव्हता, हेच तर अवघड आहे. ते माझ्याकडे वळून अगदी हळू म्हणाले, “बाई, हे आधी का नाही सांगितलंत? नाव द्या तिचं. इथल्या मोठ्या रुग्णालयात उद्यापासून सोय करतो. आत्ता, इथून फोन करतो.” आणि त्यांनी खरोखर फोन काढला.

मला समजत होतं. मी इतकीही भाबडी नाही. त्या खोलीत मी एकटीच होते जिच्यामुळे त्यांचं घोडं अडलं होतं, आणि ते मला बाजूला करत होते. तिकडे गाडीत आणखी पाच जण होते आणि गाडीत जागा नाही म्हणून घरी बसलेले किती, ते देव जाणे. मी म्हणायला हवं होतं, साहेब, एका माणसाचं नको, केंद्राचं बोला. वाक्य तयार होतं माझ्याकडे, कर्ता, कर्म, क्रियापद सगळं जागच्या जागी. पण डोळ्यांसमोर धाकटी होती, पलंगावर पाय सुजवून बसलेली.

मी नाव दिलं. ते त्यांनी फोनवर दोनदा उच्चारलं. “झालं,” ते म्हणाले. “उद्या सकाळी नऊ.”

तीनशे नऊ क्रमांक एका फोनमध्ये संपले.

अध्यक्षांना हायसं वाटलं, ते दिसलं मला. त्यांनी लघुलेखकाला सांगितलं, “घ्या. साक्षीदाराने मांडलेली तातडीची अडचण मंत्रिमहोदयांनी तत्परतेने दूर केली, याची समिती नोंद घेत आहे. आता तातडी उरलेली नसल्याने एक वर्षाची मुदतवाढ देण्यात येत आहे. पुढचा विषय.”

बाहेर आले तर मास्तर बाकड्यावरून उठले. “कसं झालं?” त्यांनी विचारलं. मी त्यांच्या नजरेला नजर न देता जिना उतरले.

मेहुणे तिला दुसऱ्या दिवशी पहाटे गाडी करून घेऊन आले. काय केलंस, कसं केलंस, तिने विचारलं नाही, मीही सांगितलं नाही. “मोठी ओळख आहे हं आमच्या ताईची,” एवढंच ती नर्सला म्हणाली. खोली स्वच्छ होती, खिडकीतून झाड दिसत होतं. तिच्या डाव्या हातात दोन सुया गेल्या, नळ्या लाल झाल्या, यंत्र एका लयीत घरघरू लागलं. तो हात चार तास हलवायचा नसतो. मेहुणे बाहेर चहा प्यायला गेले. खूप दिवसांनी तिचे ओठ कोरडे दिसत नव्हते. मला इतका आनंद झाला की मी लाज विसरले. अर्धा तास तरी.

मग तिचा फोन वाजला. “पोस्टातल्या काकू,” ती पडद्याकडे बघून म्हणाली. “गाडीत असतात माझ्याबरोबर. तू घे, स्पीकर लाव.”

काकूंचा आवाज व्हॅनच्या खडखडाटातून आला. “ताई का? अहो, गाडीत तुमचंच कौतुक चाललंय. समितीसमोर उभं राहून मंत्र्याला सुनावलंत म्हणे! धाकटीचं ऐकून इतकं बरं वाटलं. मग आमच्याकडे कधी सुरू होतंय? तारीख ठरली का काही?”

धाकटी माझ्याकडे बघत होती.

काहीतरी गोलमोल बोलता आलं असतं. तशी वाक्यं मी जन्मभर वाचली आहेत. “ठरली नाही, काकू,” मी म्हटलं. “त्यांना वर्षाची मुदत दिलीय. माझ्या बहिणीची सोय झाली म्हणून दिली. ती सोय मी घेतली.”

खडखडाट चालू राहिला. कुणीतरी मागे खोकलं. धाकटीने मान भिंतीकडे वळवली.

“बरं,” काकू म्हणाल्या. मग म्हणाल्या, “मीही घेतली असती.” आणि मग, जरा अवघडून, “ताई, एक विचारायचं होतं. आमच्या मागच्या गल्लीत एक मुलगी आहे, एकवीस वर्षांची. तिला परवापासून डायलिसिस लागलंय. गाडीत जागा नव्हती म्हणून थांबली होती. धाकटीची जागा तिला दिली तर चालेल ना?”

“द्या,” मी म्हटलं. “आजच द्या.”